हळदीतला माणूस ब्लॅक अँड व्हाइटमध्ये काढावा का?

शेरीनाला
नमस्कार मंडळी. सांगलीत रस्त्यावरचे पोर्ट्रेट काढत फिरतो. जागा ठरलेल्या आहेत: मार्केट यार्ड, गणपती पेठ, शनिवारचा बाजार, सकाळी लवकर उठलो तर घाट. कॅमेरा साधा, छोट्या (क्रॉप) सेन्सरचा, लेन्स ३५ एमएम. जे काही दाखवतो ते जवळपास सगळं ब्लॅक अँड व्हाइट.

सध्या हळदीचे सौदे जोरात आहेत. यार्डात पोती उचलणारे एक मामा आहेत, साठीच्या पुढचे असावेत. डोक्याला टॉवेल, खांद्यावर गोणपाट, हातात हूक आणि भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या सगळीकडे हळद बसलेली. विचारून फोटो काढला. घरी येऊन नेहमीसारखा रंग उतरवला. नजर, सुरकुत्या, हुकाच्या टोकावरची चमक, सगळं जमलंय. पण हळद गेली! चेहऱ्यावर नुसती भुकटी दिसते. कुणी म्हणेल पिठाच्या गिरणीतला, कुणी म्हणेल सिमेंटच्या गोदामातला.

मामांना मोबाईलवर दाखवला तर म्हणाले, "चांगलाय ओ, पण ह्यो भिंतीवर हार घालायचा फोटू झाला. रंगीत न्हाई व्हय त्यो?"

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. रस्त्यावरचा चेहरा म्हटलं की ब्लॅक अँड व्हाइट, हे आपण खरंच विचार करून ठरवलंय का, की सगळे करतात म्हणून चाललंय? आम्ही काही मित्र पावसाळ्याआधी छोटं प्रदर्शन करतोय, त्यात हा लावायचाय. म्हणून जरा सविस्तर मतं हवीत.

फोटो इथे टाकत नाही. नेटवर टाकू का, हे मामांना विचारलेलं नाही.

भडंगवाला
फोटो नाही आणि फोटोवर चर्चा. ही खरी सांगली. भडंग घेऊन बसलोय, चालू द्या.

बेदाणा
प्रश्न आवडला, त्यामुळे स्पष्टच लिहिते. आपल्याकडचे स्ट्रीट पोर्ट्रेटचे ग्रुप उघडून बघा. म्हातारा माणूस, सुरकुत्या, पांढरी दाढी, विडी, कॉन्ट्रास्ट खच्चून वाढवलेला, आणि खाली 'आयुष्य' असलं काहीतरी शीर्षक. त्याच यार्डात कॅबिनमध्ये अडते बसलेले असतात, त्यांचे चेहरेही बघण्यासारखे असतात. त्यांचं पोर्ट्रेट कुणी काढलेलं पाहिलंय? गरीब माणूस काळ्या-पांढऱ्यात घातला की फोटोला आयतं वजन येतं. ते वजन आपण कमावलेलं नसतं, त्या माणसाच्या पाठीवरचं असतं.

शेरीनाला, हे तुम्हाला उद्देशून नाही. तुम्ही निदान विचारून काढलाय.

भडंगवाला
अडत्यांच्या कपाळावर आठ्या शेतकऱ्याला हिशेबाची पट्टी द्यायच्या वेळीच पडतात, तेव्हा कॅमेरा काढला तर हमालाआधी तुम्हालाच उचलतील.

निगेटिव्ह_विचार
बेदाणा यांच्या मुद्द्याला जुना आधार आहे. फोटोग्राफर रघुबीर सिंग (१९४२–१९९९) आयुष्यभर हेच भांडले. जयपूरचा माणूस, रंगीत फोटोग्राफी जेव्हा जाहिरातवाल्यांची समजली जायची तेव्हापासून रंगातच काम केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की ब्लॅक अँड व्हाइटमधली उदासी पश्चिमेकडून आली, आपली नजर लघुचित्रांवर, कपड्यांवर, सणांवर तयार झाली, इथे रंग हा वरून लावलेला मुलामा नव्हे. मला ते पूर्ण पटत नाही, पण हळदीच्या यार्डात उभं राहून त्यांना खोटं पाडणं अवघड आहे.

उलट बाजूला फोटोग्राफर रघू राय आहेत. दोन्ही केलं आणि दोन्हीत तोलामोलाचं केलं. म्हणजे हा पंथाचा प्रश्न नाही, त्या त्या फोटोचा आहे.

कृष्णाकाठचा_कोल्हा
एवढा विचार करत बसलो तर मामा रिटायर होतील. फोटो चांगला आहे ना? मग लावा. लोक बघतील, चहा पितील, घरी जातील.

अर्धा_स्टॉप
तत्त्वज्ञान चालू द्या, मी तंत्राचं लिहितो, कारण हळद 'जाते' याला कारण आहे.

रंग उतरवताना प्रत्येक रंगाला उजळपणाप्रमाणे करडी छटा मिळते. पिवळा मुळातच उजळ, त्यामुळे तो पांढऱ्याच्या जवळ जाऊन बसतो. आपली त्वचा नारंगी पट्ट्यात येते. लोक चेहरा खुलवायला सॉफ्टवेअरमधला नारंगीचा स्लायडर वर ढकलतात, बरोबर पिवळाही थोडा वर घेतात, आणि हळद पार पांढरी होते. उलटं करा. पिवळा खाली आणा, नारंगी जागेवर ठेवा. हळद मधल्या करड्यावर येईल आणि त्वचेपासून सुटी दिसेल. फार ओढू नका, दोन्ही रंग शेजारी असल्याने गालावर डाग उठतात. हे रॉ फाइलवरच (कॅमेऱ्याच्या कच्च्या नोंदीवर) करा, दाबून लहान केलेलं जेपेग तेवढं सोसत नाही.

दुसरं, डोक्यावरचा टॉवेल किंवा टोपी पांढरी असेल तर कॅमेऱ्याचं मीटर फसतं. त्याला सगळं मधल्या करड्यावर आणायचं असतं. फ्रेममध्ये पांढरं जास्त आलं की तो एक्सपोजर कमी करतो आणि मामांचा सावळा चेहरा काळाठिक्कर. गालावर स्पॉट मीटरिंग करा, म्हणजे फक्त तेवढ्याच जागेचा उजेड मोजा, पण गाल मधल्या करड्यापेक्षा गडद असेल तर तिथून पाऊण-एक स्टॉप खाली या (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). टॉवेलचे धागे दिसताहेत ना, एवढं हिस्टोग्रामवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर, बघा.

लालदिवा
अर्धा_स्टॉप यांनी आताचं सांगितलं, मी मागचं सांगतो. मिरजेत आमचा स्टुडिओ होता, वडिलांनी सुरू केलेला.

वडिलांच्या उमेदवारीच्या काळात ऑर्थो प्लेटा आणि फिल्म असायच्या. त्यांना तांबडा दिसतच नाही. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिव्याखाली त्या डेव्हलप करता यायच्या. त्याचा परिणाम असा की बायकांचं कुंकू कोळशासारखं काळं यायचं, ओठ काळे यायचे, सावळा माणूस अजून दोन छटा सावळा. तुमच्या घरात पणजीचा फोटो असेल तर बघा, कपाळावरचं कुंकू शाईने काढल्यासारखं दिसेल. गिऱ्हाईक कुरकुरायचं म्हणून फोटोआधी तोंडाला पावडर आणि नंतर निगेटिव्हवर बारीक टोक केलेल्या शिसपेन्सिलीने रिटचिंग. सुरकुत्या *घालवायच्या* असायच्या तेव्हा! पुढे पॅनक्रोमॅटिक आली, तिला सगळे रंग दिसतात, मग लाल दिवाही बंद, फिल्म पूर्ण अंधारात. लाल दिवा उरला तो ब्रोमाइड कागदापुरता.

सांगायचं हे की ब्लॅक अँड व्हाइट कधीच एक नव्हतं. कुठला रंग किती काळा येणार हे फिल्म, फिल्टर आणि कागद ठरवायचे, आणि स्टुडिओवाला त्यातून निवडायचा. आता एका बटणावर रंग उतरतो, म्हणून निवडायचं राहून जातं. शेरीनाला, तुमची हळद कॅमेऱ्याने घालवली नाही, त्या बटणाने घालवली.

बेदाणा
लालदिवा काका, सुरकुत्यांचं वाचून हसू आलं. पूर्वी गिऱ्हाईक पैसे द्यायचं म्हणून सुरकुत्या जायच्या. आता ज्याचा फोटो तो पैसे देत नाही, म्हणून सुरकुत्या उठावदार करणारा क्लॅरिटीचा स्लायडर शंभरावर.

लालदिवा
अगदी मर्मावर बोट ठेवलंत, ताई.

शेरीनाला
काका, रंगवायचेही ना फोटो? आजोळी आजोबांचा एक आहे, गाल गुलाबी, फेटा केशरी.

लालदिवा
हो, आधी ब्रोमाइड प्रिंटला तपकिरी टोन करायचा, मग पारदर्शक रंग कापसाने आणि बारीक ब्रशने. फेट्याचा रंग गिऱ्हाइकाला विचारून. लग्नाच्या जोडीत शालू खरा हिरवा होता की नाही हे कुणी तपासत नसे, हवा तो रंग सांगायचे. तेव्हा तुमच्या मामांचं "रंगीत न्हाई व्हय" हे आजचं नाही. आम्ही फिल्म ब्लॅक अँड व्हाइट वापरत होतो ती परवडायची म्हणून. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची 'इंदू' यायची, सरकारी कारखाना होता तो. रंगीत हाताशी आलं तसं गिऱ्हाइकाने एका रात्रीत पाठ फिरवली. उरले ते पासपोर्ट फोटो, आणि मामा म्हणतात ते हारवाले.

यवतेश्वर_घाट
साताऱ्याहून लिहितोय, आम्हालाही बोलू द्या. मोती चौक ते राजवाडा हा पट्टा सकाळी लवकर गाठला तर पोर्ट्रेटला सोनं आहे. जुन्या दुकानांच्या फळ्या उघडत असतात, बाहेरून उजेड, आत काळोख, दारात माणूस. असल्या उजेडात रंगाची आठवणही येत नाही. मला वाटतं उजेडात नाट्य असेल तर ब्लॅक अँड व्हाइट, रंगात असेल तर रंगीत. मिटला विषय.

भडंगवाला
सातारकरांनी पेढे न काढता प्रतिसाद संपवला. नोंद घेण्यात आली आहे.

यवतेश्वर_घाट
कंदी पेढ्याचा रंग बघता तो दोन्हीकडे सारखाच येतो, म्हणून नाही काढला.

मिरज_जंक्शन
उजेडावरून आठवलं. आमच्या मिरजेत सतारमेकर गल्लीत जा एकदा. अरुंद दुकानं, समोरून उजेड, आत भोपळे टांगलेले. कारागीर मांडी घालून दांडी तासत बसलेला. बाजूने पडणाऱ्या उजेडात भोपळ्याची गोलाई आणि माणसाच्या गुडघ्याची गोलाई सारखीच उजळते. तिथे रंग म्हणजे सगळा तपकिरी, काढला तरी काही जात नाही. पण एक पथ्य पाळा. काम चालू असताना मध्ये 'इकडे बघा' म्हणू नका. जवारी काढताना (तारेचा नाद खुलवायला) तारांखालच्या घोडीवर कानस कुठवर चालवायची हे तो कानाने ठरवत असतो.

निगेटिव्ह_विचार
म्हणजे विचारायचं की नाही, हा दुसरा प्रश्न आलाच. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ विचारायचा नाही. आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चकचकीत भागांवर काळी चिकटपट्टी लावून फिरायचा, कुणाच्या डोळ्यात येऊ नये म्हणून. त्याच्या आधीचा जर्मनीतला ऑगस्ट झांडर अगदी उलट. आचारी, गवंडी, शेतकरी, ज्याला त्याला कॅमेऱ्यासमोर सरळ उभं करायचा, धंद्याच्या खुणांसकट. आणि १९५०–५१ मध्ये अमेरिकन फोटोग्राफर आयर्विंग पेनने पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कमधले कष्टकरी हत्यारांसह स्टुडिओत बोलावले, मागे साधा करडा पडदा. तिघंही ब्लॅक अँड व्हाइटवाले, पण त्या फोटोंत माणूस उभा राहण्याची तऱ्हा किती वेगळी! हूक हातात धरून कॅमेऱ्याकडे बघणारे मामा झांडरच्या घरातले आहेत, कार्तिए-ब्रेसाँच्या नव्हे.

अर्धा_स्टॉप
+१. पेनचा पडदा यार्डातही मिळतो. गोणपाट! शेडच्या दाराच्या आत पाच-सहा फुटांवर दोन पोती फाडून टांगा, माणूस दाराकडे तोंड करून उभा करा.

सरळमार्गी
कायद्याने परवानगी लागते का पण? मला एकदा पेठेत एका दुकानदाराने फोटो डिलीट करायला लावले होते.

काळाकोट
व्यवसायाने वकील, पण हा सल्ला नव्हे, गप्पा समजा.

सार्वजनिक जागी कुणाचा फोटो काढायला सरसकट मनाई करणारा कायदा आपल्याकडे नाही. म्हणून काहीही चालतं असंही नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. बाईचे खासगी क्षण चोरून टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ प्रमाणे गुन्हा आहे. घाटावर आंघोळ, कपडे बदलणं चालू असतं, तिथे कॅमेरा पिशवीतच ठेवा. यार्ड बाजार समितीच्या ताब्यातलं, त्यांनी नको म्हटलं तर विषय संपला. जाहिरातीत चेहरा वापरायचा असेल तर लेखी संमती घ्याच.

परदेशातली एक गंमत: न्यूयॉर्कमध्ये फिलिप-लोर्का डिकोर्सिया या फोटोग्राफरने टाइम्स स्क्वेअरमध्ये वर फ्लॅश लावून लांबून अनोळखी चेहरे टिपले. त्यातल्या एका गृहस्थांनी धार्मिक श्रद्धेचं कारण देत दावा लावला. २००६ मध्ये कोर्टाने फोटोग्राफरची बाजू घेतली, कला म्हणून. पण कोर्टाने चालतं म्हटलं आणि शनिवारच्या बाजारात भाजीवाल्या मावशींनी चालतं म्हटलं, यात फरक आहे.

भडंगवाला
मावशींच्या निकालावर अपील नसतं.

सरळमार्गी
आणि प्रिंट द्यायची का त्यांना? पैसे मागितले तर?

बेदाणा
प्रिंट द्यायचीच. पैशाचं मी असं करते की फोटोआधी विषय काढत नाही, आणि मावशींकडून भाजी घ्यायची असतेच ती घेते. पण घासाघीस करायची नाही. फोटो घेऊन वर पाच रुपये कमी करायला लावणारे बघितलेत मी.

अर्धा_स्टॉप
अवांतर: रंगाची फिल्टरजाळीच नसलेले सेन्सरही मिळतात. लायकाने २०१२ मध्ये मोनोक्रोम आणला, पेंटॅक्सने २०२३ मध्ये. अंधारात सुंदर चालतात, तपशील जास्त. पण त्यांत रंग नोंदलाच जात नाही, त्यामुळे नंतर पिवळा खाली ओढायची सोय नाही. लेन्सवर काचेचा फिल्टर लावूनच निघायचं. म्हणजे लालदिवा काकांच्या वडिलांच्या जागी परत येऊन बसलो, फक्त काही लाख रुपये मोजून.

ज्यांना फुकटात हवंय त्यांनी कॅमेरा मोनोक्रोमवर ठेवावा आणि साठवताना रॉ निवडावं. पडद्यावर काळं-पांढरं दिसतं, फाइलमध्ये रंग शाबूत राहतो.

कृष्णाकाठचा_कोल्हा
एक व्यवहाराचं बोलू का? रंगीत काढला की मागे वाढदिवसाचा फ्लेक्स येतो. भाऊ, दादा, नाना, सगळे भगव्या-गुलाबी रंगात हात जोडून उभे. निळी ताडपत्री, पोपटी बादली. रंग उतरवला की ही सगळी मंडळी गप्प बसतात. निम्मे लोक ब्लॅक अँड व्हाइट करतात ते एवढ्यासाठीच, कलाबिला काही नाही.

निगेटिव्ह_विचार
कोल्होबा, अख्ख्या धाग्यातलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर.

यवतेश्वर_घाट
पण मग रंगीत काढायची खरी परीक्षा तीच. दोन पावलं डावीकडे सरकायचं, फ्लेक्स मामांच्या पाठीमागे लपवायचा. फ्लेक्स मोठा, मामा बारीक, हा भाग वेगळा.

शेरीनाला
सगळ्यांचे आभार, बरंच डोक्यात शिरलं. काल परत यार्डात गेलो होतो, ते सांगतो.

गोणपाटाचा पडदा केला, शेडच्या दारात. टोळीतल्या पोरांनीच धरला, हसत हसत. आधी ऑटो व्हाइट बॅलन्सवर (रंगांचा तोल कॅमेऱ्यावर सोडून) रंगीत काढून बघितले, तर कॅमेरा पिवळा जास्त झाला म्हणून आपणच निळसर करत होता. हळद फिकी आणि टॉवेल नीळ घातल्यासारखा. तो तोल डेलाइटवर, म्हणजे दिवसाच्या उजेडावर, कायम केल्यावर रंग जाग्यावर आला. ढिगावरून उसळलेला पिवळा उजेड हनुवटीखाली पडतो, तो मी आजवर बघितलाच नव्हता. रंग काढला तर तो उजेड राहतो, पण कुठून आला ते कळत नाही.

मग अर्धा_स्टॉप म्हणतात तसं पिवळा खाली आणून ब्लॅक अँड व्हाइटही केला. भुवयांतली हळद आता वेगळी दिसते, पिठाची गिरणी वाटत नाही. तरी हळद आहे हे सांगावंच लागतं.

दोन्ही छोट्या प्रिंट मामांपुढे ठेवल्या. घरी लावायला रंगीत घेतली, क्षणाचाही विचार नाही. प्रदर्शनाला कुठली लावू विचारलं तर म्हणाले, "त्ये तुमचं तुमी बगा. पर खाली नाव लिव्हा. नुस्तं हमाल म्हनून लिव्हू नगा. आन् टोळीचा नंबर बी टाका, पोरं बगाय येत्याल." नेटवर मात्र नको म्हणाले. सुनेचे भाऊ वगैरे बघतात म्हणे.

बेदाणा
आता शीर्षकाचा प्रश्नच मिटला. 'श्रम', 'घाम', 'वारसा' सगळं रद्द.

काळाकोट
नाव छापायला सांगितलंय, हे एका कागदावर घेऊन ठेवा. दोन ओळी पुरेत, मराठीत.

निगेटिव्ह_विचार
मग लावताय कुठली?

शेरीनाला
रंगीत. हा एकच रंगीत असेल, बाकी भिंत ब्लॅक अँड व्हाइट. त्यात घाटावरचे नावाडी आहेत, हरिपूरच्या रस्त्यावर चिंचेखाली बसणारे एक आजोबा आहेत, त्यांच्यात रंग काढून काही बिघडलेलं नाही. उजेडाचेच फोटो आहेत ते. मित्रांपैकी एकाचं म्हणणं, असा एकच रंगीत लावला तर भिंत विसंगत दिसेल. दिसू दे.

कृष्णाकाठचा_कोल्हा
लोक आधी तोच बघतील आणि बाकीच्यांवरून फिरतील, हे लक्षात ठेव म्हणजे झालं.

यवतेश्वर_घाट
शेवटी लाव. दारातून शिरल्यावर दिसणार नाही असा.

शेरीनाला
हे पटलं. एक विचारायचं राहिलं, प्रिंट कुठल्या कागदावर? ग्लॉसीवर हळद झळकते पण सगळी खोली त्यात दिसते.

लालदिवा
मॅट घ्या. पिवळा थोडा बसेल, चालतं. लॅबवाल्याला आधी पट्टीएवढी टेस्ट प्रिंट काढायला सांगा आणि ती ट्यूबखाली नाही, प्रदर्शनाच्या जागेवर नेऊन बघा. मशीनवरचा पोरगा आपण होऊन रंग 'करेक्ट' करतो, त्याला हात लावू नको म्हणून बजावा. फ्रेमला काच घालू नका. टोळीतली पोरं बोट लावून बघणार, तेव्हा एक जादा प्रिंट काढून ठेवा.

भडंगवाला
तारीख आणि जागा कळवा. भडंग माझ्याकडून, पण हळदीच्या प्रिंटजवळ ठेवणार नाही, भडंगाचा हात लागला तर लॅबवाल्याने केलं असं वाटायचं.